ओसरीवरून : एक वाक्य गाळावें कीं ठेवावें ?

अंबाजोगाईंत आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात. सकाळीं देवपूजा होते, दिवेलागणीस लहान मुलें परवचा म्हणतात, आणि वडील माणसांचा शब्द त्या घरांत अद्याप खालीं पडत नाहीं. त्या घरची नात नववीच्या वर्गांत आहे. सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिनीं, ३ जानेवारीस, शाळेंत तिला भाषण करावयाचें होतें. तिनें तें स्वतः लिहून काढलें आणि आजोबांस वाचून दाखविलें. आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें, शाबासकी दिली, आणि एका वाक्यावर बोट ठेवून म्हटलें, "एवढें मात्र गाळ, बाळ." तें वाक्य असें होतें : सावित्रीबाईंना शिक्षिकेचें शिक्षण अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंकडे मिळालें.

मुलगी हिरमुसली. वही घेऊन ती आमच्याकडे आली व म्हणाली, "गुरुजी, हें वाक्य खोटें आहे का ?" आम्हीं सांगितलें, "खोटें नाहीं." "मग तें कां गाळावयाचें ?" या प्रश्नास आम्हांला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. दुसरे दिवशीं आजोबाच आमच्या ओसरीवर आले. ते म्हणाले, "गुरुजी, पाद्री लोकांनीं शाळा काढल्या त्या कशासाठीं, हें आपणांस ठाऊक नाहीं का ? मग आपल्या मुलांच्या तोंडीं त्यांची स्तुति कशाला ?" आजोबा आणि नात या दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून या खेपेस आम्हीं हाच विषय घेतला आहे : आपल्या शेजारच्या प्रांतांत प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळी कशी वाढली, आणि तिच्या वाढीनें आपल्या समाजावर काय परिणाम घडविला.

आमच्या बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस अहमदनगर, म्हणजे ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात तो जिल्हा. उत्तरेस गोदावरीपलीकडे जालना. या दोन्ही ठिकाणीं मिशनचीं मोठीं ठाणीं होतीं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, म्हणून तेथील लाट आमच्यापर्यंत पोहोंचली ती ओसरतां ओसरतां. परंतु आष्टी-पाटोद्याकडील माणसाचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक नगरशीं जुळलेली आहे. तेव्हां नगरची हकीकत ती आमचीच हकीकत समजावी.

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्यें मुंबईस उतरले. कंपनी सरकारास ते नको होते. धर्मोपदेशानें लोक बिथरतील आणि व्यापारास व राज्यास धोका पोहोंचेल, ही सरकारची धास्ती. त्यांना परत धाडण्याचे हुकूमहि सुटले होते. पुढें त्याच वर्षीं विलायतेच्या पार्लमेंटानें कंपनीच्या सनदेंत फेरफार केला, तेव्हां मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली. 'इंग्रज आले व त्यांनीं आपले पाद्री आणले' असें आपण सरसकट म्हणतों, तें म्हणूनच सर्वांशीं बरोबर नाहीं. हे लोक अमेरिकेचे होते, आणि आरंभीं तरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होते.

नगरास त्यांचें ठाणें पडलें १८३१ च्या डिसेंबरांत. सावित्रीबाईंचा जन्महि त्याच सालचा, हा एक योगायोग. आमच्यासारख्या जुन्या मास्तरांस गंमत वाटावी अशी एक गोष्ट येथें आहे. मिशनच्या आरंभींच्या मराठी शाळांस ख्रिस्ती शिक्षक मिळेनात. शिकविणारा म्हटला कीं तो ब्राह्मण, अशी त्या काळची स्थिति. म्हणून मिशननें पगार देऊन ब्राह्मण पंतोजी ठेवले. पंतोजींनीं पगार घेतला, मुळाक्षरें आणि उजळणी शिकविली, आणि आपला धर्म आपल्यापाशीं ठेवला. ज्या शाळांबद्दल आपण आज नाक मुरडतों, त्यांतील पहिल्या छड्या आपल्याच आज्या-पणज्यांच्या हातांत होत्या !

सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ मध्यें मुंबईस आल्या आणि १८३९ मध्यें नगरास गेल्या. १८६२ मध्यें नगरासच त्यांचें देहावसान झालें. पस्तीस वर्षें त्यांनीं एकच काम केलें, तें म्हणजे मुलींस शिकविणें. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुले यांचे ब्राह्मण मित्र नगरास नोकरीस होते. त्यांच्याकडे गेले असतां जोतीरावांनीं फॅरारबाईंची शाळा पाहिली. मुली वाचतात, लिहितात, हिशेब करतात, हें डोळ्यांनीं पाहून ते पुण्यास परतले; आणि १८४८ मध्यें भिडे वाड्यांत मुलींची शाळा उभी राहिली. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा, म्हणजे पुनः ब्राह्मणाचाच. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. असें असूनहि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत, सावित्रीबाईहि झाल्या नाहींत. त्यांनीं विद्या घेतली, बाप्तिस्मा घेतला नाहीं. आजोबांच्या शंकेचें अर्धें उत्तर येथेंच आहे. देणाऱ्याचा हेतु कांहींहि असो. घेणारा शहाणा असला तर त्यास काय घ्यावें आणि काय ठेवावें हें समजतें.

आतां मंडळी वाढली कशी, तें पाहूं. ब्राह्मण वळला कीं सारा समाज मागोमाग येईल, अशी आरंभीं मिशनऱ्यांची समजूत होती. १८३९ च्या सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांसारखे ब्राह्मण तरुण वळलेहि. त्यावर गांवांत मोठा गहजब झाला. परंतु अशीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच राहिलीं. मंडळी वाढली ती निराळ्या वाटेनें. वडाळा, राहुरी अशा गांवांच्या आसपासच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसें येऊं लागलीं. ज्यांची वाट पाहिली ते आले नाहींत. ज्यांची कल्पनाहि नव्हती ते दाराशीं येऊन उभे राहिले.

ते कां आले ? आमिषानें आले, असें म्हणून आपण विषय संपवितों. आम्हीहि तरुणपणीं असेंच म्हणत असूं. परंतु त्या काळच्या गांवगाड्याकडे अंमळ डोळे उघडून पाहावें. वतनाच्या नांवाखालीं महारानें रात्रंदिवस निरोप पोंचवावेत, सरकारी ओझीं वाहावींत, मेलेलें जनावर ओढावें; आणि त्याच्या पोरानें शाळेच्या पायरीखालीं, उन्हांत, कानांवर पडेल तेवढें ऐकावें. अशा पोरास कोणी एकानें आंत बोलावून पाटी दिली. मग तो बोलावणाऱ्याचा देव कोणता, हें विचारीत बसेल का ? भुकेनें जितकीं माणसें तिकडे गेलीं, तितकींच मानासाठींहि गेलीं, असें आमचें मत झालें आहे.

भुकेची गोष्टहि लपविण्यासारखी नाहीं. १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे तीन मोठे दुष्काळ दक्षिणेनें पाहिले. त्या सालांत मंडळीची संख्या भराभर वाढली. भुकेल्याचा बाप्तिस्मा हा श्रद्धेचा पुरावा नव्हे, हें आम्हीहि म्हणतों. परंतु दुष्काळ सरल्यावर मिशननें पोरक्या मुलांस हांकलून दिलें नाहीं. त्यांस वाचावयास शिकविलें, सुतारकाम व विणकाम शिकविलें आणि पायांवर उभें केलें. त्या मुलांस आपल्या वाड्यांतून कोणी बोलावलें होतें, हें विचारलें म्हणजे आपली वाचा बसते.

आतां जालन्याकडे वळूं, कारण ती हकीकत आपल्या घरांस फार जवळची आहे. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें १८४३ मध्यें मुंबईस स्कॉटिश मिशनकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा वर्षें, त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता. वडिलांनीं न्यायालयांत दाद मागितली आणि मुलगा परत मिळविला. मुलगा घरीं आला. पण जात त्यास घरांत घेऊं देईना. मिशनऱ्यांच्या पंक्तीस जेवलेला मुलगा शुद्ध होऊं शकत नाहीं, असें सनातनी मंडळींनीं ठरविलें. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मात्र पुढें सरसावले. प्रायश्चित्त देऊन मुलास परत घ्यावें, त्यास धर्मशास्त्राचा आधार आहे, असा पक्ष त्यांनीं उचलला आणि स्वजातीचा रोष ओढवून घेतला. वाचकहो, या प्रकरणांत मिशनरी मुलास ओढीत होते हें खरें. पण परत आलेल्या मुलास दाराबाहेर लोटणारे कोण होते?

थोरला भाऊ नारायण परत आला नाहीं. तो पाद्री झाला, आणि पुढें जालन्याच्या आसपासच्या मांग लोकांत त्यानें काम आरंभिलें. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनीं त्यास जमीन दिली, आणि तेथें बेथेल नांवाचें गांव वसलें. मुसलमान दिवाणानें दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण पाद्र्यानें, मांगांसाठीं वसविलेलें ख्रिस्ती गांव ! शेतें, विहीर, शाळा, प्रार्थनामंदिर असें सर्व त्यांत होतें. जालन्यास मिशनचें इस्पितळ झालें. तिकडे दक्षिणेंत मिरजेस डॉक्टर वानलेस यांचें इस्पितळ १८९४ मध्यें उभें राहिलें. मिरजेच्या त्या इस्पितळांत सोंवळ्यांतलीं घरेंहि आपलीं दुखणेकरी माणसें नेऊं लागलीं. दुखणें फार झालें म्हणजे सोंवळें कसें आपोआप खुंटीवर जातें, हें आपल्या आज्यांनीं पाहिलेलें आहे.

आणखी एक कारण भाषेचें. परक्या चालीचीं गीतें खेड्यांतील लोकांच्या गळ्यांत बसेनात, हें मिशनच्या लक्षांत आलें. १८६० नंतर नगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन सुरू केलें : तोच उभा कीर्तनकार, तेंच पूर्वरंग-उत्तररंग, आख्यान मात्र ख्रिस्ताचें. पुढें नारायण वामन टिळक आले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनीं मराठी संतांची वाट सोडली नाहीं. भजनाच्या आणि अभंगाच्याच वळणावर त्यांनीं ख्रिस्तभक्ति गाइली. आजहि मराठी ख्रिस्ती देवळांत गाइल्या जाणाऱ्या पद्यांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. मंडळी जेव्हां मराठींत बोलूं लागली, तेव्हांच ती या मातींत रुजली.

परंतु टिळकांची गोष्ट काढली म्हणजे लक्ष्मीबाईंचीहि काढलीच पाहिजे. पति ख्रिस्ती झाला. पत्नी सोंवळ्या घरांत वाढलेली. कांहीं वर्षें त्या माउलीनें दुरावा सोसला, नातलगांचे बोल सोसले. मग नवऱ्याकडे गेली ती आपलें सोंवळें बरोबर घेऊन. पुढें तिनें स्वतःच्या विचारानें एकेक बंधन सोडलें आणि १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' हें तिचें आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालें, आणि जिला आरंभीं जेमतेम वाचतां येत होतें ती मराठीची मोठी लेखिका ठरली. तें पुस्तक आपल्या घरांतून आवडीनें वाचलें जातें, पण त्यांतील दुःख आपण हंसण्यावारीं नेतों. धर्मांतर हा सभेंतील वादाचा विषय असतो; घरांत मात्र तें चुलीपाशीं बसून रडत असतें. मिशनऱ्यांनीं या दुःखाचा पुरेसा विचार केला, असें आम्हांस वाटत नाहीं.

दोष काढावयाचे तर दुसरेहि आहेत. १८४२ मध्यें नगरास निघालेल्या 'ज्ञानोदया'नें आपल्या देवादिकांची जी निंदा चालविली, तींत ज्ञान थोडें व तिरस्कार पुष्कळ होता. त्या टीकेस उत्तर देणारेहि निघाले. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनीं १८५७ मध्यें मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशीं उघडा वाद केला. जातीचें म्हणाल तर तीहि देवळाच्या दाराशीं थांबली नाहीं. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक होईना. पंक्तीचा भेद गेला तरी मनांतला राहिला. शिवाय परदेशच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी स्वतःच्या पायांवर चालावयास फार उशिरा शिकली. १९२४ मध्यें नगरकडील मंडळ्या हिंदुस्थानांतील संयुक्त मंडळींत सामील झाल्या. आणि १९७० मध्यें नागपुरास सहा पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली.

पण न्यायासनावर बसल्यावर दोन्ही बाजू पाहाव्यात. त्याच 'ज्ञानोदया'नें १८५५ मध्यें मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला. जोतीरावांच्या शाळेंत शिकलेली ती पोर आपल्या लोकांचें दुःख स्वतःच्या शब्दांत सांगत होती. ज्या पत्रानें आपले देव दुखविले, त्याच पत्रानें त्या मुलीस जागा दिली.

एवढें सर्व होऊन संख्या किती वाढली ? २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ११ कोटि २४ लक्ष आणि ख्रिस्ती सुमारें १० लक्ष ८० हजार, म्हणजे शंभरांत एकाहूनहि कमी. आणि त्यांतहि मुंबई-वसईचे रोमन कॅथलिक आले. आमच्या बीड जिल्ह्यांत तर हें प्रमाण त्याहूनहि अल्प. दोनशें वर्षांच्या खटपटीचें हें फळ मोजलें तर मिशन हरलें असेंच म्हणावें लागेल.

तें हरलें कां, याचा विचार आम्हीं पुष्कळ केला. आमच्या मतें कारण असें कीं, जें दार मिशननें प्रथम उघडलें, तें पुढें इतरांनींहि उघडलें. जोतीरावांनीं १८७३ मध्यें सत्यशोधक समाज काढला. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ मध्यें अस्पृश्यांसाठीं संस्था काढली, आणि तिच्या इंग्रजी नांवांत 'मिशन' हाच शब्द घातला. डॉक्टर आंबेडकरांनीं १९५० मध्यें औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उघडलें, आणि १९५६ मध्यें लाखों अनुयायांसह नागपुरास बुद्धाची दीक्षा घेतली. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें ख्रिस्ती झालेल्या दलितास अनुसूचित जातीच्या सवलती मिळेनाशा झाल्या. ज्यांस मान व विद्या हवी होती त्यांस ती दुसऱ्या दारानें मिळूं लागली. जेथें दार उघडलें तेथें धर्मांतर थांबलें, आणि जेथें बंद राहिलें तेथें माणूस निघून गेला, हा या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आहे. मिशन संख्येनें हरलें. परिणामानें हरलें नाहीं. १९४७ मध्यें नगरास डॉक्टर भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं महाविद्यालय काढलें. त्या वास्तूंतून बाहेर पडलेल्या पदवीधरांत ख्रिस्ती थोडे आणि इतर सर्व जातींचे पुष्कळ, हें सर्वांस दिसतें.

आतां त्या वाक्याविषयीं. आपल्या शास्त्रांनीं मनुष्यास जन्मतः ऋणी मानलें आहे. त्या ऋणांत ऋषींचें, म्हणजे विद्या देणाऱ्यांचें, ऋण आहे. ऋण मान्य केल्यानें मनुष्य लहान होत नाहीं. तें लपविल्यानें होतो. म्हणून आम्हीं आजोबांस सांगितलें कीं, वाक्य राहूं द्यावें. मात्र आणखी दोन वाक्यें घालावींत. एक गोवंड्यांचें, एक भिड्यांचें. म्हणजे मुलीस कळेल कीं, त्या कामांत परके होते तसे आपलेहि होते, आणि जे आपले नव्हते ते कां नव्हते, हें ती पुढें स्वतःच विचारील.

आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घालूं द्या. पण गुरुजी, ती पुढचें विचारील तेव्हां उत्तर काय द्यावयाचें ?"

त्याचें उत्तर जुन्या पोथ्यांत नाहीं. तें आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर आहे. दसरा सरला कीं आमच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोड्यांच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेलीं नवरा-बायको, त्यांचा 'कोयता', भांडींकुंडीं, आणि वर बसलेलीं शाळकरी मुलें. अर्धें वर्ष त्या मुलांची शाळा बुडते. सरकारनें त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहें काढलीं आहेत. पण ज्या मुलास मागें ठेवावयाचें, त्याचा अभ्यास कोणीतरी घ्यावा लागतो, त्याच्या दुखण्यास कोणीतरी धांवावें लागतें. आपल्या घरांतून पेन्शन घेणारे शिक्षक, शिकलेल्या सुना, सुटींत आलेले नातू पुष्कळ आहेत. गांवांतल्या अशा दहा मुलांस रोज सायंकाळीं तासभर ओसरीवर बसवून वाचन घेतलें, तर कोणाचा धर्म बुडणार आहे ?

फॅरारबाई सातासमुद्रांपलीकडून आल्या. आपल्यास गल्ली ओलांडावयाची आहे. दीडशें वर्षांनीं कोण्या मुलीच्या भाषणांत एखादें वाक्य आपल्याविषयींहि असावें, आणि तें गाळावें असें कोणास वाटूं नये, एवढी इच्छा धरण्यास हरकत नाहीं.

मुलीनें ३ जानेवारीस तीनहि वाक्यें म्हटलीं. आजोबा पहिल्या रांगेंत होते.